पोटबेरीज, एकूण बेरीज आणि दोनदा मोजलेला आकडा

अतिवृष्टीचे पंचनामे झाले की मराठवाड्यातल्या तहसिलींत एक्सेलचे तक्ते सुरू होतात. एकाखाली एक गावं, मंडळ संपलं की पोटबेरीज, तळाला तालुक्याची एकूण बेरीज. समजा, औसा तालुक्यात किल्लारी मंडळाचं बाधित क्षेत्र ४२० हेक्टर आणि लामजन्याचं ३१०. मिळून ७३०. पण घाईत कुणी वरपासून खालपर्यंत अख्ख्या रकान्याला ‘सम’ हे बेरजेचं सूत्र लावलं तर तळाला १४६० उमटतात, कारण गावंही धरली गेली आणि त्यांच्या पोटबेरजाही. असा दुप्पट आकडा वर गेलेला मी एका कार्यालयात पाहिलाय. तो दुरुस्त होऊन येईपर्यंत शेतकऱ्यांची यादी अडून राहिली.

हिशेबाची कदर या मातीत जुनी आहे. यादवांच्या देवगिरीत हेमाद्रीकडे ‘श्रीकरणाधिप’ हे पद होतं, म्हणजे राज्याचं दप्तर त्याच्या हाताखाली. पुढे सोळाव्या शतकात त्याच किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत पैठणचे एकनाथ हिशेब पाहत. एका पैची चूक शोधण्यात रात्र सरली आणि ती सापडताच नाथांनी आनंदाने टाळी वाजवली, ही आख्यायिका आपल्याकडे घरोघर सांगतात.

ती पै शोधणं खरंच अवघड होतं. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. प्रत्येक पोटबेरजेला हातचा वेगळ्या हिशेबाने न्यायचा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि पैशांपुरता हा ताप संपला. जमिनीचा मात्र अजून संपलेला नाही. सातबारावर हेक्टर-आर असलं तरी बोलण्यात एकर-गुंठेच. १ एकर ३९ गुंठे कुणी १.३९ असे भरले आणि त्यात २ गुंठे मिळवले, तर तक्ता १.४१ दाखवतो. खरं उत्तर २ एकर १ गुंठा, कारण एकराचे गुंठे चाळीस.

संगणकावरचा तक्ता १९७९ चा. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू या संगणकासाठी ‘व्हिसिकॅल्क’ केलं. एक आकडा बदलला की खालच्या सगळ्या बेरजा आपोआप बदलायच्या. खोडरबराचं काम संपलं. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल, १९८७ मध्ये विंडोजवर.

पण ‘सम’ला पोटबेरीज ओळखता येत नाही, त्याला दिसतो फक्त आकडा. हा दोष पुढे आलेल्या ‘सबटोटल’ सूत्राने काढला. कंसात आधी ९, म्हणजे बेरीज कर, मग रकान्याचा पल्ला, म्हणजे कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत. पल्ल्यात दुसरं ‘सबटोटल’ आलं की ते वगळलं जातं, त्यामुळे तळाला अख्खा रकाना दिला तरी ७३० च येतात. अट एवढीच, की मंडळांच्या बेरजाही याच सूत्राने केलेल्या हव्यात. फिल्टरने लपलेल्या ओळी ते धरत नाही. हाताने लपवलेल्याही नको असतील तर ९ च्या जागी १०९ लिहायचं.

डेटा मेनूतली सबटोटलची आज्ञा या ओळी स्वतः घालते, पण आधी मंडळानुसार क्रम लावलेला हवा. एका ओळीत ‘किल्लारी’ आणि पुढच्या ओळीत ‘किल्लारी’च्या मागे चुकून एक मोकळी जागा पडली, की एका मंडळाच्या दोन पोटबेरजा होतात. पडद्यावर दोन्ही नावं अगदी सारखी दिसतात.