पर्यायी इतिहास

पर्यायी इतिहास म्हणजे घडून गेलेली एखादी घटना वेगळी घडली असे धरून तिच्यापुढचा काळ रचणारा कथाप्रकार. बोलीत याला ‘जर-तर’ म्हणतात आणि आत्याबाईच्या मिशांची आठवण करून देऊन उडवूनही लावतात. इतिहासकाराने ती चेष्टा करावी, त्याला शोभते. कादंबरीकाराला मात्र मिशा आल्यावर आत्याबाईच्या घरात काय काय बदलले, तेच लिहायचे असते.

कथा खऱ्या इतिहासापासून जिथे वेगळी होते त्या जागेला फाटा म्हणता येईल. मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला विजयदुर्गाचा फाटा फुटतो, तसाच. फाटा बारीक असला की कथा पटते. मराठीतले ठळक उदाहरण जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचे. १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी या कथेत कानाजवळून निघून जाते, आणि पुण्याहून मुंबईला पोचलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकाला तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचाच कारभार चाललेला दिसतो. बदल तिळाएवढा, परिणाम शहराएवढा.

कोकण किनाऱ्यावर असे फाटे ठिकठिकाणी आहेत. सगळ्यांत मोहात पाडणारा विजयदुर्गचा. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य मराठ्यांचे दर्यावर्दी सरदार तुळाजी आंग्रे यांच्यावर चालून आले. तोफांच्या माऱ्यात एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेले. तिथून आग शेजारच्या गलबतांवर गेली आणि बघता बघता आंग्र्यांचे आरमार जळून गेले. गोळा चार हात अलीकडे पाण्यात पडला असता तर? प्रश्न चित्रमय आहे, पण कच्चा. तुळाजी तेव्हा किल्ल्यात नव्हतेच. बोलणी करायला ते पेशव्यांच्या छावणीत गेले होते. जहाजे वाचली असती तरी किल्ला टिकला असता असे म्हणवत नाही. खरा फाटा वर्षभर आधीचा आहे. १७५५ साली तुळाजींविरुद्ध पेशवे आणि कंपनी यांचे सूत जुळले आणि त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. नानासाहेब पेशव्यांनी घरातले भांडण घरातच मिटवले असते तर क्लाइव्ह विजयदुर्गात अडकून पडला असता का, आणि पुढे सोळा महिन्यांनी प्लासीला तो वेळेवर असता का, हा प्रश्न कादंबरीला पुरेल एवढा मोठा आहे. त्यात स्फोट नाही, नुसती कागदपत्रे आणि रुसवेफुगवे आहेत. कदाचित म्हणूनच तो कमी लिहिला जातो.

जंजिऱ्याचा फाटा निराळा. शिवाजी महाराजांच्या काळात लाय पाटील या कोळी सरदाराने रातोरात तटाला शिड्या लावल्या, पण मोरोपंतांची माणसे वेळेत पोचली नाहीत, अशी कथा सांगितली जाते. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. दर्यात राहणाऱ्याला पालखी काय कामाची, म्हणून ‘पालखी’ नावाचे जहाज बांधून दिले, असेही सांगतात. १६८२मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून बेटापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला, तोही मोगली फौजेच्या चढाईमुळे अर्धवट राहिला. सिद्दीचे संस्थान थेट १९४८पर्यंत टिकले. इथे जर-तर काही तासांचा आहे, म्हणजे लेखकाच्या सोयीचा.

अशा कादंबरीवरून ॲनिमेशन मालिका करायची म्हटले की खरी अडचण सुरू होते. लेखक ‘आरमार निघाले’ एवढे लिहून पुढे सरकतो. चित्रकाराला गुराब, म्हणजे त्या काळचे लढाऊ जहाज, काढावीच लागते: मधे रुंद, टोकाकडे निमुळती, पुढे चोचीसारखी नाळ आणि त्या अंगाला रोखलेल्या तोफा. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते तिला ओढत न्यायची. युरोपी जहाजावर भगवा चढवला की मराठा आरमार झाले, ही इथली सहज होणारी चूक. रात्रीचे मतलई वारे जमिनीवरून, दुपारचे खारे वारे समुद्राकडून. शिडे कोणत्या बाजूला फुगली यावरून किनाऱ्यावरचा माणूस वेळ ओळखतो. आणि नारळी पौर्णिमेआधी भर आषाढात दर्यावर लढाई दाखवली तर मालवणचा प्रेक्षक तिथेच हसेल. इतिहास बदलता येतो, पावसाळा नाही.

चित्रांतून कथा सांगण्याची रीत या किनाऱ्याला नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवून गाऊन सांगतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. गाणारा पान उभे धरतो, पद संपले की उलटतो. चित्र हलत नाही, हलतो तो आवाज. चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही तिथलाच. तिथे मात्र दिव्यापुढे बाहुलीचा हात खरोखर उचलला जातो, आणि पडद्याच्या पुढच्या बाजूला फक्त सावली पोचते.