खनिजाचे ट्रक आणि रस्त्याचं गणित: पार्श्वभूमी

खाणी चालू असताना गोव्यातल्या सावर्डे-कुडचडे भागात खनिजाच्या ट्रकांनी रस्त्यांवर चाकांच्या वाटेनेच दोन खोलगट पट्टे पाडले होते. जून उजाडला की त्यांत पाणी. ‘डांबर खाल्लं’ हा गावातला ठरलेला निवाडा. तो कधी खराही असेल; पण चाकाखाली डांबर, खडी आणि माती कशी वागतात, हे कळायलाच अभियंत्यांना फार वर्षं लागली.

पृष्ठभागावरचं वजन जमिनीत खोलवर कसं पसरतं, याचं सूत्र फ्रान्सच्या बूसिनेस्कने १८८५ मध्ये दिलं. त्यात जमीन एकजिनसी धरलेली. रस्ता मात्र थरांचा. थरांचं गणित अमेरिकेत बर्मिस्टरने १९४३ मध्ये मांडलं, पण हाताने ते सोडवणं जिकिरीचं. त्यामुळे व्यवहारात चालली ती कॅलिफोर्नियातून आलेली सीबीआर (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो) चाचणी: माती ठोकून साच्यात भरायची, चार दिवस भिजवायची, मग ५० मिमी व्यासाचा दट्ट्या मिनिटाला १.२५ मिमी वेगाने आत रेटायचा. लागलेला जोर प्रमाणित खडीच्या किती टक्के, ते काढायचं आणि त्यावरून तक्त्यातून रस्त्याची जाडी ठरवायची. डांबरी रस्त्यांच्या आखणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) जी मार्गदर्शिका आहे, त्या आयआरसी ३७ ची १९७० ची पहिली आवृत्ती यावरच उभी होती. चाचणी स्वस्त आणि सुटसुटीत, पण रस्ता काही एका रेट्यात मोडत नाही. लाखो वेळा किंचित वाकून तो थकतो, आणि त्याबद्दल दट्ट्या काहीच सांगत नाही.

ते थकणं दाखवलं अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या चाचणीने. १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराचे जवान ट्रक फिरवत राहिले. निष्कर्ष असा, की नुकसान आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे भार २० टक्के जास्त, तर नुकसान दुप्पट. भार दुप्पट, तर नुकसान सोळापट. खाणपट्ट्यातले रस्ते मोटारींनी नव्हे, ट्रकांनी का खाल्ले, ते इथे कळतं.

आयआरसीने २००१ पासून गणित बदललं. आता दोन जागा तपासतात: डांबरी थराचा तळ, जिथे ताण बसून भेगा सुरू होतात, आणि मातीचा माथा, जो दबला की चाकोरी पडते. २०१२ पासून त्यासाठी आयआयटीपेव्ह ही संगणकप्रणाली वापरतात. गंमत म्हणजे तिला लागणारा मातीचा ताठरपणा बहुधा सीबीआरवरूनच काढतात. सीबीआर ५ टक्क्यांपर्यंत असेल, तर सरळ त्याची दसपट, मेगापास्कल या एककात. जुना दट्ट्या आतून अजून तोच आहे.

माती भिजलेली धरतात, ते गोव्याच्या सुमारे ३,००० मिमी पावसाला साजेसंच. पण बुजलेल्या गटारामुळे खडीच्या थरात अडकलेलं पाणी, आणि प्रत्येक चाकागणिक खडीवरून सुटत जाणारं डांबर, हे थरांच्या या गणितात येत नाही.