आदर वेगळा, सहभाग वेगळा

सोसायटीत सत्यनारायण असतो. दुसऱ्या मजल्यावरचं मुस्लिम कुटुंब वर्गणी देतं, त्यांचा मुलगा सतरंज्या अंथरायला येतो. आरतीला मात्र त्यांच्यापैकी कुणी थांबत नाही आणि प्रसादाचा द्रोण ते हसून परत करतात. संध्याकाळी जिन्यात विषय निघतोच. "आपण ईदला त्यांच्याकडे शीरखुर्मा खातो ना, मग यांना प्रसादाचं काय वावडं?"

असं बोलणारी माणसं मनाने वाईट नसतात. बऱ्याचदा त्यांना खरोखरच लागलेलं असतं. पण दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करणं ही एक गोष्ट आणि त्याच्या उपासनेत सहभागी होणं ही दुसरी. दोन्ही पुष्कळदा हातात हात घालून येतात, त्यामुळे एकच वाटतात, आणि मग एक दिसली नाही की दुसरीही नाही असं आपण धरून चालतो.

आधी शीरखुर्म्याचंच घेऊ. दूध, शेवया, खारीक, चारोळी घालून केलेलं ते सणाचं गोडधोड. ते कुणाला अर्पण केलेलं नसतं. प्रसादाचा शिरा आधी देवाला नैवेद्य म्हणून दाखवलेला असतो, म्हणून तर तो प्रसाद. अल्लाखेरीज कुणालाही अर्पण केलेलं खायचं नाही, असं मानणाऱ्याला नेमका हाच टप्पा अडतो. त्याच घरात आपल्या दिवाळीच्या चकल्या आवडीने खाल्ल्या जातात, कारण फराळ हे खाणं आहे, उपासना नव्हे. शीरखुर्म्याची जोडी फराळाशी लागते. प्रसादाची जोडी लावायचीच असेल तर ती नमाजाच्या रांगेशी लावावी लागेल, आणि त्या रांगेत उभं राहायला आपल्यापैकी किती जण तयार होतील? काही मुस्लिम घरं प्रसाद घेतातही. तो त्यांचा त्यांनी घेतलेला निर्णय.

हिंदू मनाला सहभाग सोपा जातो, हे खरं आहे. वांद्र्याच्या मोतमाउलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चमधल्या मेरीमातेला, सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, छोटी घरं वाहून नवस फेडणाऱ्यांत हिंदूंची संख्या मोठी असते. तुकोबांची पालखी देहूतून निघते, ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तिथे आरती होते. गोव्यात म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, हिंदू भाविक शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि फेस्ताला, म्हणजे तिच्या सणाला, तिला तेल वाहतात. अनेक देव मानणाऱ्याला आणखी एका ठिकाणी माथा टेकवताना आपलं काही सोडावं लागत नाही. ही फार मोलाची वृत्ती आहे आणि तिने या भूमीतलं पुष्कळ काही सांभाळलं आहे.

अडचण तिथून पुढे सुरू होते. "मी तुझ्याकडे येतो, तू माझ्याकडे ये" हा हिशेब वरवर अगदी न्याय्य दिसतो, पण त्यातल्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. एकाला चादर चढवताना काहीच गमवावं लागत नाही. दुसऱ्याला आरतीचं तबक हातात घेताना त्याच्या श्रद्धेचा कणाच मोडावा लागतो. इस्लाम, यहुदी धर्म, ख्रिस्ती धर्मातले काही पंथ यांच्यात एकाच ईश्वराची उपासना हा पहिला नियम आहे आणि तो सणापुरता बाजूला ठेवता येत नाही. म्हणून सहभागाच्या मापाने आदर मोजू लागलो, तर ज्याचा धर्म मोकळा तो आपोआप सज्जन ठरतो आणि ज्याचा नियम कडक तो आपोआप तुसडा. हे माप चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सहभागाशिवाय आदर कसा असतो, ते बघायचं तर अलिबागच्या आसपासची जुनी गावं बघावीत. बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी, तिथे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे कामाला सुट्टीचा पवित्र दिवस, सुरू होई, शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना नावच देऊन टाकलं : शनिवार तेली. या नावात केवढा समजूतदारपणा आहे बघा. गावाने शनिवारी तेल काढा म्हणून हट्ट धरला नाही आणि त्यांनीही बाकीच्यांनी शनिवारी काम थांबवावं असं म्हटलं नाही. त्यांचा नियम काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तो त्यांचाच आहे हेही ठाऊक होतं.

बाकी सगळ्या बाबतींत ही माणसं कोकणी मातीतली. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. बायका नऊवारी नेसायच्या, लग्नाआधी मेंदी असायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी मराठी कीर्तनाचा बाज उचलला आणि त्यात आपल्या धर्मग्रंथातल्या कथा सांगितल्या. मांडणी कीर्तनाची, ईश्वर त्यांचा. नवस फेडताना किंवा शुभकार्यात ते मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, भोवती फळं, आणि त्या ताटापाशी एलियाहू हन्नबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, स्मरण. कुणाही कोकणी माणसाला ते ताट आपल्याच घरातलं वाटेल, पण त्यावर म्हटली जाणारी प्रार्थना हिब्रू असते. मुंबईत सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ मध्ये सिनेगॉग, म्हणजे यहुदींचं प्रार्थनास्थळ, बांधलं ते याच समाजासाठी. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण गावपातळीवर त्यांचं वेगळेपण शेजाऱ्यांनी कितीतरी आधी मान्य केलेलं होतं. खाण्यापिण्यात, भाषेत, गाण्याच्या चालीत एवढी देवाणघेवाण झाली, आणि उपासना ज्याची त्याची राहिली.

आपल्याला ही समज नवी नाही, हे सांगायला मला दुसरीकडे जायची गरजही वाटत नाही. प्रत्येक गावात माळकरी असतो. गळ्यात तुळशीची माळ घातली की मटण बंद. गावच्या जत्रेला घरोघरी रश्शाची पातेली चढतात, त्या दिवशी पाव्हण्याने नुसतं "माळ आहे" म्हटलं की विषय संपतो. यजमान गुपचूप वेगळ्या भांड्यात पिठलं टाकतो, नाहीतर शेजारून वरण मागवतो. माळकऱ्याने रस्सा खाल्ला नाही म्हणजे त्याने आमच्या देवाचा अपमान केला, असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. त्याने पंगतीत बसून आपल्या ताटातलं खाल्लं, चार गोष्टी बोलल्या, पोरांच्या हातावर पैसे ठेवले. एवढ्यावर यजमान खूश. जी मोकळीक आपण माळेला इतक्या सहज देतो, तीच दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला देताना एवढं जड का जावं?

आदर आणि सहभाग यांच्यामधली रेघ सर्वोच्च न्यायालयाने एकदा अगदी स्वच्छ आखून दिली आहे. प्रकरण केरळमधलं होतं आणि त्यात पूजाअर्चा नव्हती, राष्ट्रगीत होतं. तीन भावंडं यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ती इतर मुलांसारखीच ताठ उभी राहत, पण गात नसत, कारण ईश्वराखेरीज कुणाचंही स्तवन करायचं नाही अशी त्यांच्या पंथाची शिकवण. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आलं. उच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. राष्ट्रगीतात कुणाच्या धर्मभावनेला धक्का लागेल असा एकही शब्द नाही, असं त्या न्यायालयाचं म्हणणं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल फिरवला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या या निकालात प्रश्नच वेगळा मांडलेला आहे. ती श्रद्धा आपल्याला पटते का, हे न्यायालयाने बघायचं नाही. ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का, एवढंच बघायचं. मुलं आदराने उभी राहत होती आणि गाण्यात कसलाही अडथळा आणत नव्हती. उभं राहणं हा आदर झाला. गाण्यात सामील न होणं हा अनादर ठरत नाही. त्या मुलांना शाळेत परत घ्यावं लागलं. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाविरुद्धचा १९७१ चा कायदासुद्धा राष्ट्रगीत रोखणाऱ्याला किंवा त्यात व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा सांगतो, न गाणाऱ्याला नाही.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात आदराची खूण सापडते. अडवू नये, खिल्ली उडवू नये, तिथे असू तर शिस्तीत असावं. एवढं केलं की आदराची बाजू पूर्ण झाली. त्यापुढचं सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीचं. राज्यघटनेच्या २८ व्या कलमातही हाच विचार आहे : सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते.

आता उलट बाजू. सहभागाची मागणी आदराचं रूप घेऊन येते, तेव्हा ती ओळखायला जास्त कठीण असते. सप्टेंबर २०१५ मध्ये जैनांच्या पर्युषणानिमित्त मुंबईत चार दिवस कत्तल आणि मांसविक्री बंद ठेवायचं ठरलं. बराच गदारोळ झाला आणि त्यातल्या १७ तारखेच्या विक्रीबंदीला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. अशा प्रश्नात न्यायालयांचा कौल नेहमी एकाच बाजूने पडलेला नाही, हेही सांगायला हवं. अहमदाबादमध्ये पर्युषणात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये योग्य ठरवला होता. बंदी थोड्या दिवसांची आहे, तेवढी कळ सोसावी, असा त्यामागचा सूर होता. मला स्वतःला ते पटत नाही. पर्युषणातला उपवास हे अतिशय कठोर व्रत आहे आणि ते करणाऱ्यापुढे माझी मान लवते. पण त्याचं मोल व्रत करणाऱ्याच्या संयमात आहे. शेजाऱ्याच्या ताटातलं मटण उचललं म्हणून ते मोल वाढत नाही. माळकरीही गावाला रस्सा करू नका म्हणत नाहीच.

याच्या शेजारी सांगली जिल्ह्यातलं गोटखिंडी ठेवून बघा. वाळवा तालुक्यातल्या या गावात १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. बकरी ईद गणेशोत्सवातच आली, तेव्हा तिथल्या मुस्लिमांनी फक्त नमाज अदा केली आणि कुर्बानी दिली नाही. हा सहभागाचा फार वरचा दर्जा आहे, आणि तो वरचा ठरतो कारण कुणीही त्यांना तसं करायला लावलेलं नाही. उद्या दुसऱ्या एखाद्या गावातल्या मशिदीने "आमच्याकडे गणपती नको" म्हटलं, तर गोटखिंडीचा दाखला त्यांच्या तोंडावर फेकणं हा गोटखिंडीचाही अपमान होईल.

एका गोष्टीबद्दल मात्र मला मनापासून राग येतो. सहभागाच्या, मैत्रीच्या नावाखाली होणारी फसवणूक. ऑफिसात वाढदिवसाला अंड्याचा केक आणून जैन सहकाऱ्याला "यात अंडं नाही" म्हणून खाऊ घालायचा आणि नंतर हसायचं. रोजा असलेल्याला "एका घोटाने काय होतंय" म्हणत चहाचा कप पुढे करायचा. एका टेबलावर बसलो, एकत्र खाल्लं, फोटो काढला. सहभाग भरपूर, आदर शून्य. याउलट दर्ग्याची पायरी आयुष्यात कधी न चढलेला एखादा साहेब रमजानभर मीटिंग इफ्तारच्या आधी संपवतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. भोंग्यांच्या बाबतीतही तेच. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नको, हा २००० सालच्या नियमांमधला दंडक पाळायला कुणाच्याही उपासनेत सामील व्हावं लागत नाही.

मग पुढच्या सत्यनारायणाला काय करायचं? आमंत्रण जरूर द्यावं, प्रत्यक्ष दारात जाऊन द्यावं, आणि सोबत एवढंच विचारावं : "तुम्हाला काय चालतं, काय नाही, ते सांगा." कुणी म्हणेल, पूजा झाल्यावर येतो. कुणी म्हणेल, प्रसाद नको पण जेवायला थांबतो. मग त्यांच्यासाठी नैवेद्य दाखवण्याआधीच शिरा, भाजी, पुऱ्या बाजूला काढून ठेवता येतात. कुणी म्हणेल, या वेळी नाही जमणार. वर्गणीच्या पावतीवर "पूजा" आणि "जेवण व मंडप" असे दोन रकाने ठेवले, तर ज्याला ज्यासाठी द्यायचं त्याला ते मोकळेपणाने देता येईल. आणि ज्यांच्याकडे आमंत्रण आलं आहे त्यांनीही नाही म्हणताना कारण सांगून टाकावं. "आमच्यात चालत नाही" एवढं सरळ सांगितलेलं शेजाऱ्याला कळतं. न सांगता दार लावून घेतलं, तर तो आपल्या परीने अर्थ लावत बसतो.