पाळी, पोटातले जंतू आणि जवसाची चटणी

आमच्या अमळनेरकडे आजी लोखंडी तव्यावर जवस भाजायची, तडतड उडायला लागले की उतरवायची, मग लसूण, मीठ, तिखट घालून खलबत्त्यात कुटायची, आणि कळण्याच्या भाकरीसोबत तेल टाकून खायची. या चटणीचा पाळीच्या संशोधनाशी काही संबंध असेल असं मला तरी कधी वाटलं नव्हतं.

या संशोधनाची सुरुवात लघवीपासून आहे. 1929 मध्ये अमेरिकेत डॉयझी आणि जर्मनीत बुटेनांट, या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून गरोदर बायकांच्या लघवीतून इस्ट्रोन, म्हणजे पाळीचं चक्र चालवणाऱ्या इस्ट्रोजेन हार्मोनचा एक प्रकार, शुद्ध स्वरूपात काढलं. पुढे कळत गेलं की लिव्हर इस्ट्रोजेनला ग्लुकुरोनिक ॲसिडचा तुकडा चिकटवतं आणि पित्तासोबत आतड्यात सोडून देतं, म्हणजे सामान बांधून बाहेरच्या वाटेला लावलंच समजा, पण आतड्यातले काही जंतू बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाच्या एन्झाइमने तो तुकडा तोडतात आणि मोकळं झालेलं इस्ट्रोजेन परत रक्तात जातं. 1970 च्या दशकात फिनलंडमध्ये ॲडलरक्रॉइट्झ आणि त्यांच्या सोबत्यांनी गरोदर बायकांना ॲम्पिसिलिन हे अँटिबायोटिक दिल्यावर काय होतं ते पाहिलं, तर लघवीतलं इस्ट्रोजेन घटलेलं. जंतू मारले की परतीची वाटच बंद ना!

मग 1980 च्या आसपास एक गंमत झाली. बायकांच्या लघवीत एक अनोळखी पदार्थ सापडला, पाळीच्या चक्रासोबत कमीजास्त होणारा, त्यामुळे हा शरीराचाच नवीन हार्मोन असेल अशी शंका येणं साहजिक होतं. निघालं भलतंच. आतड्यात जंतूच नसलेले उंदीर प्रयोगशाळेत वाढवतात, त्यांच्यात तो बनतच नव्हता, आणि 1982 मध्ये त्याचं मूळ सापडलं जवसात! जवसातल्या लिग्नान नावाच्या वनस्पतीजन्य पदार्थापासून पोटातले जंतू एन्टेरोलॅक्टोन बनवतात, इस्ट्रोजेनशी थोडंफार साम्य असलेलं. त्याच वर्षी बोस्टनच्या गोल्डिन वगैरे मंडळींनी शाकाहारी बायकांच्या शौचातून इस्ट्रोजेन जास्त बाहेर पडतं असं दाखवलं, आणि बोट ठेवलं जास्त चोथ्याच्या खाण्यावर.

उलटी बाजू, म्हणजे हार्मोनचा पोटावर होणारा परिणाम, तर घराघरात माहितीये. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन हा दुसरा हार्मोन वाढलेला असतो, तेव्हा बऱ्याच जणींचं पोट साफ होत नाही, आणि पाळी आली की गर्भाशय आकुंचन पावायला लावणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे पहिल्याच दिवशी संडासला पळापळ. आमच्याकडे याला सरळ 'काहीतरी खाल्लं असेल' म्हणून सोडून द्यायचे.

इस्ट्रोजेनशी खेळणाऱ्या या जंतूंच्या जनुकांना 'इस्ट्रोबोलोम' हे नाव मात्र 2011 मध्ये प्लॉटेल आणि ब्लेझर यांनी दिलं, तेही ब्रेस्ट कॅन्सरसारख्या आजारांचा विचार करताना. पाळीचा त्रास घालवतो म्हणून पुड्या विकणारे आता तोच शब्द वापरतात, ते मला जरा अतीच वाटतं. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, ती कुटायची ते अख्खा जवस जसाच्या तसा बाहेर पडतो म्हणून.