सीओपीडी आणि फुप्फुसाचा कर्करोग

श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा जुनाट विकार (सीओपीडी) आणि फुप्फुसात उद्भवणारा कर्करोग यांच्यातील संबंध. सीओपीडीत जुनाट श्वसनीदाह आणि वातस्फीती, म्हणजे वायुकोशांच्या भिंती विरून जाणे, हे दोन्ही कमीअधिक प्रमाणात असतात. बोलण्यात या विकारालाही सरसकट 'दमा' म्हणतात. दम्यातला अडथळा औषधाने बहुधा मोकळा होतो; सीओपीडीतला पुरता मोकळा होत नाही.

दोन्ही आजारांचे मूळ धुरात आहे. तेव्हा ते एकाच माणसात सापडले तर नवल काय, असे वाटेल. पण सारखेच धूम्रपान करणाऱ्यांतही श्वासनलिका अरुंद झालेल्यांना कर्करोग अधिक होतो. सतत धुमसणारा दाह, त्यातून पेशींच्या डीएनएला होणारी इजा आणि कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांचा मंदावलेला वेग ही त्याची कारणे मानली जातात. काही जनुकीय फरकही दोन्ही आजारांत समान आढळतात. त्यांपैकी काही निकोटीनच्या व्यसनाशीच निगडित असल्याने हा गुंता सहज सुटत नाही.

आजार सौम्य असला म्हणजे धोकाही किरकोळ, असे नाही. अमेरिका व कॅनडात १९८०च्या दशकात सौम्य अडथळा असलेल्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांची पाहणी सुरू झाली. सुमारे साडेचौदा वर्षांत त्यांतले ७३१ जण दगावले. त्यांपैकी एकतृतीयांश फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. श्वसनाच्या इतर विकारांनी गेलेले आठ टक्क्यांच्या आसपास होते.

धुराचा दोष सिगारेटपुरता नाही, हे चीनच्या युनान प्रांतातील श्वानवेई परगण्यात दिसले. तेथे घरातच, धुराडे नसलेल्या खड्ड्यात, धूर ओकणारा दगडी कोळसा जाळत. बायका जवळजवळ सिगारेट ओढत नसत, तरी त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण चीनमध्ये सर्वाधिक गणले जाई. १९७०च्या दशकापासून घरोघरी धुराड्याच्या शेगड्या आल्या. पुढे या कुटुंबांत कर्करोग तर घटलाच, सीओपीडीही घटला. कोळसा तोच राहिला, फक्त धुराला बाहेरची वाट मिळाली. महाराष्ट्रातल्या चुलींत प्रामुख्याने लाकूड व गोवऱ्या जळतात. त्या धुराने सीओपीडी होतो हे पक्के आहे. कर्करोगाबाबतचा पुरावा मात्र कोळशाइतका भक्कम नाही.

निदानात घोटाळा होतो तो खोकल्यामुळे. वर्षानुवर्षे खोकणाऱ्याचा खोकला बदलला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. थुंकीतून रक्त पडू लागले किंवा वजन उतरले, की मग छातीचे चित्र काढले जाते. अमेरिकेत ५३,००० हून अधिक जुन्या धूम्रपान करणाऱ्यांवरील चाचणीत (२०११) कमी मात्रेच्या सीटी तपासणीने, साध्या एक्स-रेच्या तुलनेत, या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले.

गाठ वेळेत सापडली तरी शस्त्रक्रिया प्रत्येकाला झेपत नाही. फुंकून करायच्या स्पायरोमेट्रीत दम किती उरला आहे ते आधी पाहावे लागते. क्वचित उलटेही घडते. गाठ वातस्फीतीने निकामी झालेल्या भागातच असेल, तर तो कापून काढल्यावर उरलेले फुप्फुस मोकळे पसरते आणि रुग्णाचा श्वास पहिल्यापेक्षा सुधारतो.