शेतीपंपांची वीज सवलत आणि भूजल

विहिरी-बोअरवरच्या मोटारींना स्वस्त किंवा मोफत वीज देण्याचे राज्य सरकारांचे धोरण. खते, ठिबक यांनाही अनुदान मिळते. पण जमिनीखालच्या पाण्याशी इतका थेट संबंध दुसऱ्या कुठल्या सवलतीचा नाही.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक राज्यांनी शेतीचे मीटर काढून मोटारीच्या एचपीवर ठोक आकारणी सुरू केली. रानोमाळ फिरून रीडिंग घेण्याचा खर्च वाचला. मात्र पाच एचपीची मोटार दोन तास चालवा की आठ, बिल तेवढेच. उपशावरचा लगाम सुटला तो इथे. मोफत वीज नंतरची. महाराष्ट्रात ती २००४ च्या निवडणुकीआधी जाहीर झाली, २००५ मध्ये बंद झाली आणि २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांसाठी परत आली.

मोटारीला लागणारी थ्री फेज वीज मोजके तास, त्यातही पाळीपाळीने रात्रीची. मध्यरात्री बॅटरी घेऊन, साप-बिबट्याचे भय बाळगत दारे धरायला, म्हणजे पिकाला सरीसरीने पाणी द्यायला, जाण्यापेक्षा शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच बसवतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. सरी भरते, ऊस भिजतो, उरलेले पाणी बांध फोडून ओढ्याला लागते. याला बेफिकिरी म्हणणे शहरात बसून सोपे आहे.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही बेताचेच. पाच-सात परसांची (परस म्हणजे पुरुषभर खोली) विहीर आटली की बोअर, तो आटला की शेजारी त्याहून खोल दुसरा. २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली. बोअरच्या गाड्या काही थांबल्या नाहीत.

पंजाबात मोफत वीज आणि भाताची हमखास सरकारी खरेदी एकत्र आली व पातळी झपाट्याने खाली गेली. वीज सवलतीला हात न लावता सरकारने २००९ मध्ये १० जूनपूर्वीच्या भात लावणीवर कायद्याने बंदी आणली. उन्हाळ्यातले पाणी काही प्रमाणात वाचले, पण कापणी पुढे सरकली. गव्हाच्या पेरणीआधी शेत मोकळे करायला दिवस कमी उरले आणि पराळी (कापणीनंतर उरलेले भाताचे काड) पेटवण्याचा काळ नेमका वारा पडलेल्या थंडीच्या तोंडावर आला. दिल्लीच्या धुराची इतरही कारणे आहेत, मात्र हे त्यांतले एक.

आता सवलत सौरपंपाकडे वळली आहे. दिवसा पाणी मिळते, रात्रीचे हाल टळतात; बिलही नाही आणि भारनियमनही नाही. गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या ढुंडी गावात २०१६ मध्ये सौरपंपधारकांच्या सहकारी संस्थेने उरलेली वीज वितरण कंपनीला विकायला सुरुवात केली. तिथे बंद मोटारही पैसे देते, म्हणून पाणी उपसताना हिशेब होतो. महाराष्ट्रातील ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेतले पंप ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडलेले नाहीत. ऊन असेतो वीज आहे, आणि ती खपवायला विहिरीशिवाय गिऱ्हाईक नाही.