पाणाड्याची काडी आणि स्फोटकांचा माग

जत-आटपाडीकडे बोअर मारण्यापूर्वी पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालचे पाणी सांगणाऱ्याला, बोलावण्याची रीत अजून गेलेली नाही. दुबेळकी काडी मुठीत ताणून धरली, की मनगटाच्या नकळत झालेल्या हालचालीने ती झुकते आणि गाडी तिथेच लागते. हीच काडी अँटेनाच्या रूपात, ‘एडीई 651’ या नावाने, इराकमधील तपासनाक्यांवर बॉम्ब शोधण्यासाठी विकली गेली. तिच्यात बॅटरीसुद्धा नव्हती. 2013 मध्ये तिचा ब्रिटिश विक्रेता जेम्स मॅककॉर्मिक याला न्यायालयाने 10 वर्षांची शिक्षा ठोठावली. बोअर कोरडी गेली तर पैसे बुडतात. नाक्यावर जीव जातात.

स्फोटकांचा माग काढणारे खरे यंत्र वेगळ्याच तत्त्वावर चालते. बॅगेच्या मुठीवरून फिरवलेली पट्टी सुमारे 200 अंशांपर्यंत तापवली, की तिच्यावरील कणांची वाफ होते. निकेल-63 या किरणोत्सारी धातूमधून निघणारे इलेक्ट्रॉन हवेत आयन, म्हणजे विद्युतभारित कण, निर्माण करतात आणि मुद्दाम मिसळलेल्या क्लोरिनयुक्त संयुगापासून क्लोराइड आयन मिळतात. टीएनटी या स्फोटकाचा रेणू क्लोराइडला आपला एक प्रोटॉन देऊन स्वतः ऋणभारित होतो; आरडीएक्स हे दुसरे स्फोटक मात्र प्रोटॉन सोडत नाही, उलट क्लोराइडलाच धरून ठेवतो. त्यामुळे 227 आणि 222 अशी जवळजवळ सारखे रेणुभार असलेल्या या दोन पदार्थांचे आयन अनुक्रमे 226 आणि 257 भाराचे होतात. यंत्राच्या नळीतील विद्युतक्षेत्र त्यांना पुढे ओढते, हवेचे रेणू अडवतात, आणि बाजाराच्या गर्दीत वैरणीचा भारा घेतलेला माणूस मोकळ्या हाताच्या माणसामागे पडावा, तसा आरडीएक्सचा आयन किंचित उशिरा पोहोचतो. हे सारे सामान्य वायुदाबाला घडत असल्याने निर्वात पंप लागत नाही, आणि म्हणूनच असे यंत्र हातात मावेल इतके लहान करता येते.

नळी म्हणजे मुख्यतः धातूच्या कड्या आणि त्यांच्यामधील विद्युतरोधक कड्या. कुपवाड एमआयडीसीतील चांगल्या टर्नरला हे काम अवघड नाही. अवघड आहे ते अनेक वर्षे उत्पन्नाविना प्रयोग करत राहणे. अमेरिकेने 1982 च्या कायद्याने मोठ्या सरकारी खात्यांच्या संशोधन-निधीतील ठरावीक वाटा लहान उद्योगांसाठी राखला: पहिल्या टप्प्यात कल्पना शक्य असल्याचे दाखवायचे, दुसऱ्यात नमुना घडवायचा, तिसऱ्यात हा निधी बंद. आपल्याकडे 2018 मध्ये सुरू झालेली ‘आयडेक्स’ योजना तिच्या मूळ स्वरूपात संरक्षणविषयक नवउद्योगांना दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान देते; तेवढाच वाटा उद्योगाने उचलावा लागतो. कोणत्याही टप्प्याचा पैसा सोडण्यापूर्वी, कोणत्या पट्टीवर स्फोटक आहे हे चालवणाऱ्याला ठाऊक नसताना यंत्राची चाचणी व्हायला हवी. ‘एडीई 651’ अशा चाचणीत पहिल्याच दिवशी उघडे पडले असते.

संशोधनाला वाव यंत्राचे खोटे इशारे कमी करण्यात आहे. तासगावच्या बागायतदाराने नायट्रेटयुक्त खत हाताळून विमानतळ गाठला, तर बोटांवरील नायट्रेटमुळे यंत्र वाजू शकते, कारण अमोनियम नायट्रेट हे खतही आहे आणि स्फोटकांतील घटकही. शिवाय हवेचे तापमान आणि दमटपणा यांनीही आयनांच्या पोहोचण्याचा वेळ सरकतो.